पब्लिक स्कूलमधले ‘पब्लिक’ कोण?

विल्यम ऑफ विकहॅम या बिशपने १३८२ मध्ये विंचेस्टरची शाळा स्थापली ती ७० गरीब विद्यार्थ्यांसाठी. सहाव्या हेन्रीने १४४० मध्ये ईटन काढले, तेही ७० गरजू मुलांना फुकट शिकवायला. आज या दोन्ही शाळांची फी ऐकून इंग्रज मध्यमवर्गीयालाही घाम फुटतो, तरी त्या म्हणवतात ‘पब्लिक स्कूल’च. हा शुद्ध दांभिकपणा आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण इतिहास पाहिला तर ‘पब्लिक’ हे विशेषण खोटे नव्हते, आणि त्याच्या खरेपणातच गरिबांचा घात होता. इंग्लंडमध्ये पूर्वी शिक्षण म्हणजे घरी ठेवलेला शिक्षक, नाहीतर एखाद्या मास्तराने स्वतःच्या नफ्यासाठी चालवलेली शाळा. याउलट पब्लिक शाळा विश्वस्तांच्या हाती असे आणि देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातला मुलगा तिथे येऊ शके. म्हणजे मुलगा कुठला, याला बंधन नव्हते; त्याच्या बापाला परवडते का, हा प्रश्न त्या शब्दात कधी आलाच नाही.

हॅरोमध्ये हे स्पष्ट दिसते. जॉन लायन या जमीनदाराने १५७२ मध्ये सनद मिळवली ती आपल्या गावच्या मुलांना मोफत शिकवण्यासाठी. मात्र फी घेऊन बाहेरगावची मुले घ्यायची मुभाही नियमांत ठेवली. पुढे सरदार-दरकदारांची मुले देशभरातून येऊ लागली आणि गावची मुले मागे पडली. गावकरी कोर्टात गेले. १८१० मध्ये निकाल विश्वस्तांच्या बाजूने लागला. यावर कोणी म्हणेल की गावच्या दुकानदाराला लॅटिन-ग्रीक हवे होते कशाला? आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण अभ्यासक्रम तरी कोणासाठी धरून ठेवला होता? शाळा जितकी ‘सर्वांची’ झाली, तितका तिच्यावरचा गावाचा हक्क पातळ होत गेला. क्लॅरेंडन आयोगाने १८६४ च्या अहवालात नऊ शाळा तपासल्या. १८६८ च्या पब्लिक स्कूल्स कायद्याने त्यांतल्या सात शाळांच्या कारभाराची नवी घडी बसवली. इंग्लंडमध्ये करातून चालणाऱ्या शाळांचा कायदा झाला तो त्यानंतर, १८७० मध्ये. तोवर शब्द आधीच अडवला गेला होता.

शब्दाचा स्वभावच असा आहे, असेही म्हणता येणार नाही. सीमेपलीकडे स्कॉटलंडमध्ये १८७२ च्या कायद्याने स्थानिक मंडळांकडे आलेल्या शाळांनाच ‘पब्लिक स्कूल’ म्हटले गेले. अमेरिकेतही तोच अर्थ रुळला. म्हणजे शब्द एकच, पण त्याचा अर्थ ठरला तो पैसा कोण देतो आणि कारभार कोणाकडे आहे यावर. भारतात आला तो इंग्लंडचा अर्थ: १९३५ मध्ये डेहराडूनला सुरू झालेल्या दून स्कूलचे पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट ईटनमध्ये शिकवत होते. नंतर हे नाव लावणाऱ्या शाळांतून वसतिगृह गेले, विश्वस्तांची परंपरा गेली, उरली ती प्रतिष्ठेची झूल. आपल्याकडे तालुक्याच्या गावीही ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की पालक आधी फी विचारतात. सरकारी पैशावर चालणारी आणि दारात आलेल्या मुलाला परत न पाठवणारी शाळा मात्र जिल्हा परिषदेची. तेव्हा ‘सर्वांसाठी खुले’ असे कोणी म्हटले की दार कोणाला उघडे आहे एवढेच विचारून भागत नाही. त्या उघडण्यात आधीचा हक्कदार बाहेर पडला का, हेही विचारावे लागते.