दीड आणि एक पॉइंट पन्नास

मामांची जुनी सायकल दुरुस्तीला काढली, तेव्हा मागचा टायर पार भेगाळला होता. अंगठा ओला करून बाजूची माती पुसली तर आकडे दिसले: २६ × १ १/२. दुकानात फोन लावला. "सव्वीस दीडचा टायर आहे का?" "आहे ना, या घेऊन जा." आणला. तासभर झटापट केली, दोन्ही हातांची सालटी निघाली, पण तो रिमवर चढेना. मग नव्या टायरवर काय छापलंय ते पाहिलं: २६ × १.५०.

दीड म्हणजे दीडच की! गणिताच्या कुठल्याही बाईंनी दोन्ही उत्तरांना बरोबरची खूण दिली असती. पण अपूर्णांकातला दीड बसतो ५८४ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर आणि दशांशातला ५५९च्या. मध्ये पंचवीस मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ एका इंचाची दरी. अमेरिकेतले नामांकित सायकल-मिस्त्री शेल्डन ब्राऊन यांनी याचा थट्टेने नियमच करून ठेवला होता: एकच माप एका टायरवर अपूर्णांकात आणि दुसऱ्यावर दशांशात लिहिलेलं असेल, तर ते टायर एकमेकांच्या जागी बसत नाहीत. नियम मला टायर घेतल्यावर कळला.

टायरवरचा २६ हा आकडा रिमचा नाहीच. हवा भरलेल्या टायरचा तो बाहेरून बाहेर व्यास. डनलॉपने १८८८ साली बेलफास्टमध्ये हवेचा टायर केला, दोन-तीन वर्षांत काढता-घालता येणारे टायर आले, आणि गिऱ्हाइकाला चाक केवढं दिसतं यावरून मापं पडली. मग रिमचा व्यास कसा काढायचा? एके रात्री पाठकोऱ्या कागदावर वजाबाकी केली. २६ इंचांतून दोन्ही बाजूंचा दीड-दीड, म्हणजे तीन इंच वजा. उरले २३ इंच. मिलिमीटरमध्ये ५८४.२. मामांची रिम!

झोप उडाली. २८ × १ १/२, म्हणजे दूधवाल्यांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी चालवलेली आपली काळी उंच सायकल: २८ वजा ३, बरोबर २५ इंच, ६३५ मिलिमीटर. तंतोतंत. लेडीज सायकलीचा २६ × १ ३/८: ५९०.५, प्रत्यक्षात ५९०. पावणेदोनचा २६: ५७१.५, प्रत्यक्षात ५७१. म्हणजे टायर रिमला जुळवण्याचं काम जुन्या लोकांनी व्यासातच उरकलं होतं. टायर जाड हवा? रिम लहान करा, बाहेरचं माप तेच ठेवा. सायकलीची उंची बदलत नाही.

मग दशांशवाले कुठून उपटले? १९३३ साली शिकागोच्या श्विन कंपनीने फुग्यासारखा जाड टायर आणला, २६ × २.१२५. त्याची रिम ५५९, म्हणजे २२ इंच. २६ वजा दोन-दोन. इथपर्यंत हिशेब साधारण प्रामाणिक. पण पुढे त्याच रिमसाठी बारीक टायर निघाले, १.७५, १.५०, आणि बाहेरचं माप घटलं तरी पाटी मात्र २६चीच राहिली. माझी फसगत तिथली.

आता खडा. २७ × १ १/४ या एके काळी रेसच्या सायकलींवर सर्रास असलेल्या मापाला वजाबाकी लावली तर ६२२ येतात. प्रत्यक्षात ती रिम ६३०ची आहे. इथे माझं गणित सपशेल आपटतं. कुठल्या तरी कारखान्याने जुना साचा वाया जाऊ दिला नसेल, असं म्हणून मी पुढे सरकतो.

पुढे फ्रेंच. त्यांनी ७०० मिलिमीटरचं चाक धरलं आणि टायर बारीक ते जाड असे ए, बी, सी केले: रिम अनुक्रमे ६४२, ६३५, ६२२. फ्रेंच पद्धत स्वतंत्र, मिलिमीटरमध्येच जन्मली, असं म्हणणारे आहेत. मला पटत नाही. ६३५ म्हणजे नेमके पंचवीस इंच, ६२२ म्हणजे साडेचोवीस. हे योगायोग फार झाले. माझ्या मते इंग्रजी मापंच फ्रेंच कपडे घालून आली. आणि ७००-बी म्हणजे आपल्या दूधवाल्याचंच चाक.

खरी मारामारी 'सी'वरून आहे. हल्लीच्या टायरवर ७०० × २८सी असं असतं. एक पक्ष म्हणतो, हा 'सी' क्लिंचरचा, टायर धरून ठेवणाऱ्या रिमचा. दुसरा म्हणतो, क्रोशेचा. दुसऱ्याचा गैरसमज मला लोभस वाटतो, कारण रिमवर खरोखरच क्रोशे असतो. फ्रेंचमध्ये क्रोशे म्हणजे लहान आकडा. आजी ज्या आकडीच्या सुईने टीव्हीवरचे रुमाल विणायची तोच क्रोशा. रिमची कड आत वळवून तसाच आकडा केला की टायरची तार त्यात अडकते. म्हणून रिमवर लिहितात ६२२ × १९सी: १९ ही आतली रुंदी, सी म्हणजे क्रोशे. एकाच चाकात दोन 'सी', आणि दोघांची ओळखदेख नाही. टायरवरचा 'सी' हा फ्रेंचांच्या तिसऱ्या इयत्तेचा, जाडपणाचा. पुरावा हवा असेल तर २८ × १ १/२च्या युरोपीय टायरवर पाहा, ७०० × ३८बी. 'बी'ने सुरू होणारा कोणता आकडा दाखवणार?

गंमत अशी, की जाड टायरसाठी म्हणून लहान केलेल्या त्या 'सी' रिमवरच पुढे रेसवाल्यांनी वीस-तेवीस मिलिमीटरचे सुतळीसारखे टायर चढवले. व्यासातला जुना मेळ तुटला, आणि रुंदी वेगळी जुळवायची पाळी आली. जुना अंदाज असा: टायर रिमच्या आतल्या रुंदीच्या साधारण दीडपट ते दुप्पट. (इथेही दीड!) अरुंद रिमवर जाड टायर काठीवर खोचलेल्या आंब्यासारखा दिसतो आणि वळणावर डुलतो, रुंद रिमवर बारीक टायर चपटा बसतो आणि खड्ड्यात रिमच आधी आपटते. युरोपातल्या उत्पादकांच्या संघटनेने शेवटी सरळ लिहायला लावलं: आधी टायरची रुंदी, मग रिमचा व्यास. ४०-५८४. इंच नाही, अपूर्णांक नाही, 'सी' नाही.

तो १.५०चा टायर दुकानाने परत घेतला नाही. या वेळी फोनवर मी छाती पुढे काढून सांगितलं, "चाळीस-पाचशे चौऱ्याऐंशी." पलीकडे क्षणभर शांतता. मग पोरगा म्हणाला, "काका, म्हणजे सव्वीस दीडच ना?"