खोडदहून फोन, गौरीबिदनूरला उशीर

सन 2000 च्या आसपासची फेब्रुवारी, मध्यरात्र. तुम्ही येलहंका जंक्शनच्या फलाटाच्या टोकाला उभे आहात. मान वर करा, मघा जवळजवळ डोक्यावर आली आहे. हात ताठ धरून तिच्या पश्चिमेला तीन बोटं मोजा. तिथे काहीच दिसत नाही ना? तिथेच ‘बी 0943+10’ हा न्यूट्रॉन तारा आहे.

समोरचे रूळ दोड्डबळ्ळापूरवरून गौरीबिदनूरला जातात. तिकडे चला. मोकळ्या माळावर ‘टी’च्या आकारात हजार द्विध्रुव अँटेना, नुसते खांब आणि तारा, दुर्बीण बघायला आलेल्याची निराशाच व्हायची. रामन संशोधन संस्थेचे अविनाश देशपांडे आणि आशिष असगेकर (आडनावं ऐकून कान टवकारले ना?) इथे 35 मेगाहर्ट्झवर त्याच ताऱ्याची स्पंदनं टिपतात. लाटेची लांबी साडेआठ मीटर. हाच तारा क्ष-किरणही सोडतो, त्यांची लाट सातशे कोटी पटीनं आखूड. एवढा पल्ला एकाच ताऱ्याला जमतो कसा?

त्यासाठी, इथे पोचणाऱ्या लहरी जेव्हा निघाल्या तिथे, दोन-अडीच हजार वर्षं मागे जावं लागेल. केंपेगौडांचं बंगळूर सोडा, त्यांचे पूर्वजही अजून यायचे आहेत. तुम्ही ताऱ्याच्या चुंबकीय ध्रुवावर तरंगताय. खाली वीस-पंचवीस किलोमीटरांचा गोळा, वस्तुमान सूर्याहून जास्त, 1.1 सेकंदाला एक गिरकी. त्या गिरकीमुळे प्रचंड विद्युतदाब तयार होतो आणि ध्रुवावरचे इलेक्ट्रॉन उपसले जातात. चुंबकरेषांच्या वळणांवर ते गॅमा किरण सोडतात. त्यांतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या नव्या जोड्या जन्मतात. वर त्यांच्या झुंडी एका तालात हलल्या की रेडिओ लहरी निघतात. उलटे फेकलेले कण ध्रुवावर आदळतात आणि तिथला ठिपका लाखो अंशांनी तापतो, क्ष-किरण तिथले. या सगळ्याचा खर्च गिरकीतून भागतो, म्हणून तारा हळूहळू मंदावतोय. ध्रुवाभोवती रेडिओ लहरींच्या वीस झोतांनी फेर धरलाय, एक फेरी सुमारे 41 सेकंदांची. देशपांडे आणि जोआना रँकिन यांनी 1999 मध्ये मांडला तोच हा फेर.

आणि अचानक फेर विस्कटतो. रेडिओ लहरी क्षीण होतात. तुम्ही म्हणाल, क्ष-किरणही ओसरले पाहिजेत. ते दुपटीहून जास्त होतात!

पुढे 2011 च्या अखेरीला नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी आणि युरोपातली लोफार या रेडिओ दुर्बिणी आणि एक्सएमएम-न्यूटन हा क्ष-किरण उपग्रह यांनी एकाच वेळी नजर रोखून हे पकडलं. 2013 मध्ये ते ‘सायन्स’मध्ये छापून आलं. उपग्रह लागलाच, कारण क्ष-किरणांना हवा वरच अडवते. रेडिओ लहरी खाली पोचतात, पण वाटेतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमध्ये रखडतात, आणि लाट जितकी लांब तितकी जास्त. 320 मेगाहर्ट्झवर खोडदला उशीर सेकंदाहून कमी, गौरीबिदनूरच्या 35 वर पन्नासेक सेकंद. म्हणजे खोडदहून कुणी फोन करून ‘फेर मोडला’ म्हणावं, आणि इकडे गौरीबिदनूरच्या कागदावर तो अजून रंगात असावा.