वृत्तनिवेदकाची शाळा

१९४१ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये, बेडफर्ड कॉलेज या स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या वास्तूत, एक आगळा वर्ग भरला होता. युद्धामुळे महाविद्यालयाने केंब्रिजला स्थलांतर केले होते, आणि विद्यार्थिनींच्या जागी बीबीसीच्या परदेश विभागात नव्याने दाखल झालेली प्रौढ मंडळी शिकावयास बसली होती. त्यांत विल्यम एम्प्सन हा कवी आणि समीक्षक होता. बिहारमधील मोतीहारीस जन्मलेला आणि ब्रह्मदेशात पोलीस अधिकाऱ्याची नोकरी सोडून लेखणी हाती घेतलेला एरिक ब्लेअर हाही होता. वाचकजगत त्याला जॉर्ज ऑर्वेल या नावाने ओळखत होते. ध्वनिक्षेपकापुढे कसे लिहावे, कसे बोलावे, कार्यक्रमाची जुळणी कशी करावी, हे या वर्गात थोडक्या दिवसांत शिकविले जाई. एम्प्सनने त्याला नाव ठेवले : ‘खोटारड्यांची शाळा’.

हे नाव थट्टेने ठेवलेले असले, तरी भारतातील नभोवाणी-वृत्तकलेचा इतिहास पाहू जाता ती थट्टा थट्टेवारी नेता येत नाही. बातमी सांगण्याची विद्या या देशात ज्या काळात रुजली, तो काळ युद्धाचा आणि परसत्तेचा होता. त्यामुळे बातमी कशी सांगावी हा धडा आणि कोणती बातमी सांगू नये हा धडा, असे दोन्ही धडे येथील उमेदवारांना एकाच खोलीत मिळाले.

पहिला धडा मोठा मोलाचा होता, यात शंका नाही. बीबीसीने आपली प्रशिक्षणशाळा १९३६ साली सुरू केली. मुरलेला वृत्तपत्रकार नभोवाणीवर आला की तो निम्मा निरक्षर ठरतो, हा अनुभव त्या सुमारास सर्वत्र येत होता. वृत्तपत्राचा वाचक अडला तर मागे वळून पुन्हा वाचू शकतो. श्रोत्याला ती सोय नाही. कानावरून गेलेला शब्द गेला. म्हणून वाक्य लहान हवे, एका वाक्यात एकच गोष्ट हवी, मोठा आकडा पूर्णांकात हवा, ‘पूर्वोक्त’ आणि ‘अनुक्रमे’ यांसारख्या शब्दांना तेथे थारा नको. विधान कोणाचे आहे हे आधी सांगावे, विधान मागाहून. मराठीला हा शेवटचा नियम विशेष जड जातो. आपल्या छापील वृत्ताची वळणच अशी की आधी चार ओळींचे विधान यावे, आणि मग ‘असे अमुक यांनी आज येथे सांगितले’ हे शेपूट यावे. श्रोता तेवढा वेळ ते विधान खुद्द नभोवाणीचेच समजून ऐकतो, आणि शेपटाशी आल्यावर दचकतो. मराठीत क्रियापदही वाक्याच्या अंती येते. मंजूर की नामंजूर, हे कळण्यासाठी श्रोत्याने सारे वाक्य डोक्यावर तोलून धरावयाचे असते.

भारतात हे शिकविणारी शाळा बरीच वर्षे नव्हती. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, परंतु ते चालविणारी खाजगी कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि सरकारला तो व्यवहार हाती घ्यावा लागला. बीबीसीतील लायोनेल फील्डन १९३५ साली नियंत्रक म्हणून आले, १९३६ च्या जानेवारीत दिल्ली केंद्र सुरू होऊन तेथून बातम्या जाऊ लागल्या, आणि १९३७ मध्ये चार्ल्स बार्न्स यांच्या हाताखाली मध्यवर्ती वृत्तविभाग उभा राहिला. १९३९ साली युद्ध पेटताच देशी भाषांतील बातमीपत्रे दिल्लीत एकवटण्यात आली. मराठी बातमीपत्रही पुढे कित्येक दशके दिल्लीहूनच प्रसारित होत राहिले. रत्नागिरी वा नागपूरची बातमी मराठी श्रोत्याच्या कानी यायची ती यमुनेच्या काठावरून, आणि तीही इंग्रजीतून मराठीत उतरून.

ही व्यवस्था हीच उमेदवारांची शाळा. मध्यवर्ती कक्षातून इंग्रजी मसुदा येई. निवेदकाने तो हातोहात मराठी करावयाचा आणि घड्याळाकडे पाहत वाचावयाचा. निवेदक आणि अनुवादक ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे असत. परगावी, परभाषेच्या गजबजाटात राहून आपल्या भाषेचा कान शाबूत ठेवणे, ही या मंडळींची खरी परीक्षा होती. ‘निर्वासित’ म्हणावे की ‘विस्थापित’, ‘चकमक’ कोठे संपते आणि ‘लढाई’ कोठे सुरू होते, याचा निर्णय मिनिटभरात करावा लागे. आज मराठी बातमीची जी भाषा सर्वांच्या अंगवळणी पडली आहे, तिचा काही भाग अशा घाईच्या मिनिटांत घडलेला आहे. त्यात इंग्रजी वाक्यरचनेचा वास उरला, हा दोषही त्याच घाईचा.

दुसरा धडा लंडनमध्ये अधिक स्पष्ट दिसतो. १९४२ साली बीबीसीच्या भारतीय विभागाने मराठी आणि गुजराती भाषांत साप्ताहिक वार्तापत्रे सुरू केली. विभागाचे प्रमुख झेड. ए. बुखारी होते, आणि मूळ इंग्रजी मसुद्यांपैकी पुष्कळसे ऑर्वेलच्या लेखणीतून उतरत. मराठी कामात वेणू चितळे यांचा हात होता. कोल्हापूर संस्थानातील शिरोळ येथे १९१२ साली जन्मलेल्या आणि १९३४ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या या बाईंनी बीबीसीवरून इंग्रजी बातम्याही वाचल्या. बाँबवर्षावाच्या त्या दिवसांत इंग्रज घरांत एका महाराष्ट्रीय स्त्रीचा आवाज युद्धाची वार्ता सांगत होता. (त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी १९५० साली प्रसिद्ध झाली. महाराष्ट्राने तिची आणि लेखिकेची दखल फार उशिरा घेतली.)

परंतु प्रत्येक मसुदा आधी तपासला जाई, धोरणाच्या दृष्टीने एकदा आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने पुन्हा. प्रक्षेपण चालू असताना एक माणूस कळीवर बोट ठेवून बसे. निवेदक मंजूर मजकुराबाहेर गेला की आवाज बंद. ऑर्वेलने दोन वर्षे हे काम प्रामाणिकपणे केले आणि १९४३ च्या अखेरीस ते सोडले. ‘नाइन्टीन एटी-फोर’ मधील सत्य-मंत्रालयाच्या चित्रणात त्या कचेरीच्या काही खुणा अभ्यासकांना दिसतात. बीबीसी उघड असत्य सांगत नव्हती, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. पण ‘छोडो भारत’च्या त्या वर्षी भारतीय श्रोत्याला जे सर्वांत जिव्हाळ्याचे, त्याच जागी कळीवरचे बोट अधिक सावध असणार हे उघड होते.

त्याच १९४२ साली मुंबईत कसलेही शिक्षण नसलेली काही माणसे ध्वनिक्षेपकापुढे उभी राहिली. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेली गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ घरे बदलत, पोलिसांना चुकवीत, अवघे काही आठवडे टिकली. १२ नोव्हेंबरला ती पकडली गेली आणि उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. राममनोहर लोहिया यांच्यासारखे नेते तिच्यासाठी भाषणे लिहीत. आष्टी आणि चिमूर येथे काय घडले, हे वृत्तपत्रे छापू धजत नव्हती तेव्हा या केंद्राने सांगितले. निवेदनाच्या कसोटीवर त्या प्रक्षेपणात अनेक उणिवा निघतील. त्यात प्रचाराचा आवेश होता, आणि अफवा पारखण्याची साधने जवळजवळ नव्हती. तरीही लोक दारे लावून ती ऐकत, कारण तेथे कळीवर कोणाचे बोट नव्हते.

स्वातंत्र्यानंतर हे दोन्ही अनुभव एकत्र येतील अशी अपेक्षा होती. ३१ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अंत्ययात्रेचे धावते वर्णन मेलव्हिल डी मेलो यांनी सुमारे सात तास केले. शोकाला शब्दांनी किती जागा मोकळी सोडावी, हे त्या दिवशी अनेकांना कळले. त्याच वर्षी आकाशवाणीची स्वतःची प्रशिक्षणसंस्था दिल्लीत निघाली. १७ ऑगस्ट १९६५ रोजी तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री इंदिरा गांधी यांच्या हस्ते भारतीय जनसंचार संस्थेचे उद्घाटन झाले. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण दिल्लीहून पुण्यास, जुन्या ‘प्रभात’च्या आवारातील चित्रपट-संस्थेत आले. उच्चार सुधारले, तंत्र सुधारले, निवेदक घडले. पहिला धडा आता रीतसर शिकविला जाऊ लागला.

दुसऱ्याचे विस्मरण मात्र झाले नाही. वृत्तविभाग सरकारी खाते म्हणूनच राहिला आणि मंजुरीवाचून न बोलण्याची सवय साहेबाबरोबर गेली नाही. आणीबाणीच्या काळात, १९७५ साली, नभोवाणी हे सरकारचेच माध्यम आहे, असे पंतप्रधानांनी आकाशवाणीच्या केंद्रसंचालकांना स्पष्ट बजावले. पुढे वर्गीस समितीने १९७८ मध्ये स्वायत्ततेची शिफारस केली. कायदा १९९० मध्ये झाला आणि अंमलात यायला १९९७ उजाडले.

मधल्या काळातला एक दिवस या साऱ्या शिक्षणाचा हिशेब मांडून गेला. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी इंदिरा गांधींवर त्यांच्या निवासस्थानी गोळ्या झाडल्या गेल्या. दिल्लीचा वृत्तकक्ष तेथून काही किलोमीटरांवर होता, आणि देशातील सर्वांत अनुभवी निवेदक त्या कक्षात काम करीत होते. मृत्यूची बातमी आकाशवाणीने सायंकाळी सहाच्या सुमारास दिली. त्याच्या कित्येक तास आधी ती बीबीसीने दिली होती. पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर असलेले राजीव गांधी दिल्लीकडे परतत असताना वाटेत ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकत होते, त्या बीबीसीच्या.