ऋण, ज्या आणि वजाबाकी

शाळेंतील मुलास बीजगणित प्रथम भेटतें तें चिन्हांच्या वेषांत. अधिक, उणें, क्ष, य या खुणा तोंडपाठ होतात. परंतु त्यांना वाचा देणारे शब्द कोठून आले, हा प्रश्न वर्गांत सहसा निघत नाहीं. आपली गणिताची परिभाषा पंडितांनीं एकांतांत बसून घडविलेली नाहीं. तींतील कित्येक शब्द पेढीवरचे, रणांगणावरचे व बाजारपेठेंतले आहेत.

‘धन’ आणि ‘ऋण’ हेच शब्द घ्या. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ रचला. त्यांत त्यानें शून्याहून अधिक त्या राशीस धन व उण्या राशीस ऋण म्हणून दोहोंचे नियम सांगितले. शून्यांतून ऋण वजा केलें असतां धन होतें, हा त्यांतलाच एक. नुसत्या चिन्हांत तो गूढ वाटतो. पण ज्याची मत्ता आणि कर्ज समसमान, त्याची खरी शिल्लक शून्य. सावकारानें कर्ज सोडून दिलें कीं मत्ता तेवढी उरतेच! हें उमगण्यास गणिती असावें लागत नाहीं. उलट इंग्लंडांत फ्रान्सिस मॅझर्स या विद्वानानें १७५८ सालीं ऋणचिन्हाच्या सैल वापराविरुद्ध स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

कोनांच्या गणितांत धनुष्य आलें. वर्तुळाचा खंड तो चाप, त्याचीं टोकें जोडणारी दोरी ती ज्या, आणि दोहोंच्या मधला तो शर. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें अर्धज्यांचें कोष्टक दिलें. ही ‘जीवा’ अरबींत ‘जीब’ झाली. तेथें ऱ्हस्व स्वर लिहिण्याची चाल नसल्यानें पुढें ती ‘जैब’, म्हणजे वस्त्राची खोळ, अशी वाचली गेली. बाराव्या शतकांत लॅटिन भाषांतरकारांनीं तिचें ‘सायनस’ केलें. आजची ‘साइन’ ती हीच.

पैशाच्या हिशेबाचा संबंध तर महाराष्ट्राच्या भूमीवरच कोरलेला आहे. भास्कराचार्यानें ११५० मध्यें लिहिलेल्या ‘लीलावती’ग्रंथांत मूलधन व कलांतर, म्हणजे मुद्दल व व्याज, एकत्र दिले असतां वेगळे करण्याचीं उदाहरणें आहेत. त्याचा नातू चांगदेव यानें आजोबाच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापिला. तेथील १२०७ च्या शिलालेखाचा कांहीं भाग मराठी आहे, आणि त्यांत बाजारांत विकल्या जाणाऱ्या मालावरील कराचें उत्पन्न मठास दिल्याची नोंद आहे. बाजारानें गणितास शब्द दिले, तसें अन्नही दिलें!

पुढें दरबारी कारभाराबरोबर फारसी-अरबी शब्द आले. जमा, खर्च, वजा, बाकी हे तेव्हांचे पाहुणे आज घरचे झाले आहेत. शिवकाळांत फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ झाला, तरी वजाबाकी हटली नाहीं. शेजारीं गुणाकार व भागाकार संस्कृतच राहिले, आणि मुलें चारही एका दमांत म्हणतात.

पाठ्यपुस्तकांत बीजगणित एका प्रकरणांत व व्याज दुसऱ्यांत असतें. मुलाला या शब्दांचें मूळ एकदां सांगितलें, तर ऋणचिन्ह ही त्याला केवळ आडवी रेघ वाटणार नाहीं. आणि पुढें कर्जाच्या कागदावर सही करतांना त्या रेघेचा अर्थ त्यास आठवेल.