चिंधीचं तोरण

पांढरं सोनं पिकवणाऱ्या वऱ्हाडात कापडाच्या चिंधीला एवढी किंमत का? हिशोबाने उलट व्हायला हवं. ज्या मुलखात दिवाळीच्या आगेमागे घरातली एक खोली कापसाने भरलेली असते, तिथे कापडाची काय ददात? पण आमच्या तिवशाच्या घरी आजी शिंप्याकडचं कातरणसुद्धा गाठोड्यात बांधून ठेवायची. आम्ही पोरं ते टाकायला निघालो की म्हणायची, "फेकू नोको बापा, कामी येते थे."

आणि ते खरंच कामी यायचं. गोधडी, पायपुसणं, उशीची खोळ, आणि या सगळ्यांत देखणं म्हणजे दाराचं तोरण. आज त्या तोरणाबद्दल लिहायचंय, आणि त्याच्या निमित्ताने थोडा इतिहास.

(सॉफ्टवेअरवाल्याने शिवणकामावर का लिहावं असं ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी: 'पॅच' हा शब्द आपण रोज वापरतो. १९४४ सालच्या हार्वर्ड मार्क वन या यंत्राचा प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहीत, आणि चुकलेल्या भोकावर चक्क ठिगळ चिकटवत. तेव्हा आमचा या विषयाशी संबंध जुना आहे :-) )

तर तोरण. आमच्याकडे त्याचा मोसम ठरलेला. पोळ्याला वेशीजवळ आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली बैलांच्या रांगा लागतात, झडत्या होतात आणि पोळा फुटतो. दसऱ्याला झेंडूचं तोरण. ही दोन्ही चार दिवसांत वाळून जातात. चिंधीचं तोरण मात्र भाद्रपदाच्या पौर्णिमेला ट्रंकेतून निघायचं आणि कोजागिरीपर्यंत दारावर राहायचं. हा महिना भुलाबाईचा. पुण्या-मुंबईच्या मंडळींना भोंडला किंवा हादगा माहीत असतो. वऱ्हाडात त्याच सुमारास भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, मातीच्या मूर्तींच्या रूपात घरात बसतात. पोरी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात आणि झाकलेल्या खिरापतीचं नाव ओळखतात. खोलीत मातीची जोडी, आणि दारावरच्या तोरणात मधोमध कापडाची जोडी, असा आजीचा थाट.

करायची पद्धत अगदी सोपी. दाराच्या चौकटीपेक्षा वीतभर जास्त लांबीची जाड सुती पट्टी घ्यायची. कातरणाचे चार बोटं रुंद चौकोन कापायचे. चौकोन एकदा तिरपा दुमडला की त्रिकोण, पुन्हा दुमडला की छोटा आणि जाडसर त्रिकोण. असे त्रिकोण एकाला एक खेटून पट्टीच्या खालच्या काठाला धावदोऱ्याने टाचायचे. कच्ची कड पट्टीत दडपली की दोरे सुटत नाहीत. बाहुलीसाठी मूठभर कापूस पांढऱ्या तुकड्यात घालून खालून दोऱ्याने आवळला की डोकं तयार. नाक-डोळे काळ्या दोऱ्याचे, वेणी लोकरीची, लुगडं जरीकाठाच्या तुकड्याचं. भुलोजीला पागोटं. आत भरायला कवडी कापूस, म्हणजे बाजारात ज्याला भाव येत नाही असा डागी कापूस.

हे सगळं 'परंपरागत', 'पूर्वापार' वगैरे वाटतं ना? मलाही वाटायचं. पण जरा विचार करा. कातरण निघायला कापड कापावं लागतं! नऊवारी लुगडं, धोतर, पागोटं, उपरणं यातलं काहीच कापून शिवत नाहीत. चोळी, बंडी आणि अंगरखा सोडला तर जुन्या वऱ्हाडी माणसाच्या अंगावर शिवलेलं असं फार नव्हतं. तेव्हा चिंधी म्हणजे वापरून विटलेलं जुनेर. कोऱ्या, रंगीत कातरणाचं गाठोडं भरायला गावात मिलचं कापड, शिंपी आणि शिलाई मशीन असं तिन्ही यावं लागलं.

ते कसं आलं याची गोष्ट वऱ्हाडच्या कापसाचीच गोष्ट आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. त्या दशकातले सरकारी कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नक यांचं गणित सरळ होतं. रेल्वेने कापूस बाहेर न्यायचा, त्याच रेल्वेने विलायती कापड आत आणायचं. ते स्वस्त पडलं की इथले विणकर माग सोडून शेतीला लागतील आणि कापूस आणखी वाढेल. हे त्यांनी लपूनछपून नाही, सरकारी अहवालात मांडलं.

अकोटच्या सतरंज्या आणि बाळापूरच्या पगड्या एकेकाळी नावाजलेल्या होत्या. सगळे माग एका दिवसात बंद पडले नाहीत, पण गणित बऱ्याच अंशी जमलं. शेतात कापूस पिकवायचा, गाठी बांधून पाठवायच्या आणि मग तेच कापड म्हणून विकत घ्यायचं. आपला कच्चा माल देऊन तयार माल दामदुपटीने आणणं म्हणतात ते हे. म्हणून कापसाच्या मुलखात कापड महाग, आणि म्हणून चिंधीला मान. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी हेच दिसतं.

पुढे १८७७ मध्ये नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, स्वदेशी गिरण्यांचं कापड वाढलं. सिंगरच्या मशीन आधीच देशात आल्या होत्या, १९३०च्या दशकात कोलकात्यात 'उषा' बनू लागली. मशीन पुढे खेड्यांतही पोचलं, पोलकी-परकर-सदरे शिवले जाऊ लागले, आणि शिंप्याच्या पायाशी रंगीत ढीग साचू लागला. आमच्या घरातलं तोरण या ढिगातून आलंय. म्हणजे ते फार तर शेवटच्या दोन-तीन पिढ्यांचं. बाहुली मात्र जुनी हं. ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातल्या इजिप्तची एक बाहुली आहे, लिननच्या कापडाची, आत चिंध्या आणि पपायरस भरलेली. उरलेलं कापड दिसलं की माणूस बाहुली करतोच.

वऱ्हाडात चिंधीबद्दल बोलताना गाडगेबाबांना विसरून चालणार नाही. १८७६ मध्ये शेंडगावला परिटाच्या घरी जन्म. पुढे हा माणूस चिंध्यांची गोधडी पांघरून, हातात खराटा घेऊन गावोगाव फिरला. लोक 'गोधडेबुवा', 'चिंधेबुवा' म्हणायचे. लाखोंच्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण १९५६ मध्ये जाईपर्यंत अंगावर चिंध्याच. गरिबीची खूण त्यांनी मुद्दाम अंगावर मिरवली. त्यांचे शब्द मोठमोठ्या लोकांनी टिपून ठेवलेत, अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्याच चिंध्या घरात बसून जोडणाऱ्या बायकांची मात्र कुठे नोंद नाही. तोरण विटलं की त्याचं पायपुसणं होतं, आणि पायपुसण्याचं काहीच उरत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली, जागा हजार एकर. अमरावतीहून तिवशाला जाताना नांदगाव पेठ लागतं. १८६७ नंतर ज्या मुलखातून कापूस बाहेर गेला तिथेच कापड आणि कपडे व्हावेत असा बेत आहे. तो पार पडला तर उत्तमच. कारखान्यात कपडे कापताना, ढोबळमानाने, दहा ते पंधरा टक्के कापड कातरण म्हणून वाया जातं असं म्हणतात. म्हणजे गाठोडी भरपूर निघतील.

ती बांधून ठेवणारं कोण असेल, हा प्रश्न उरतो. आपल्या घरी कपडा फाटायच्या आधीच नवा येतो, आणि तोरण चिनी प्लास्टिकचं मिळतं. तेव्हा मंडळी, घरात आजी, मावशी किंवा काकू असेल तर यंदाच्या भुलाबाईच्या आधी एक दुपार तिच्याजवळ बसा. त्रिकोण दुमडायला शिका, आणि कुठला तुकडा कुणाच्या पोलक्याचा, कुणाच्या सदऱ्याचा ते तेवढं वहीत लिहून घ्या.