लग्नपत्रिकेवरचा शिक्का

आमच्या खालच्या मजल्यावर एक आंटी राहतात. माहेर म्हापशाजवळचे. लग्न होऊन वांद्र्याला आल्या त्याला पंचावन्न-छप्पन्न वर्षे झाली. माझे माहेर बांद्याचे, गोव्याच्या हद्दीला चिकटून. त्यामुळे त्यांची कोंकणी आणि माझी मालवणी यांचे छान जमते. (सुनेला मात्र आम्ही भांडतो आहोत असे वाटते!) परवा कपाट आवरताना त्यांना एक जुना कागद सापडला, तो घेऊन वर आल्या. "टीचर, हें पळयात."

त्यांच्या आई-वडिलांच्या लग्नपत्रिकेचा तो मसुदा होता, 1947 सालचा. मजकूर केवढा, तर नवरा-नवरीची नावे, घरच्यांची नावे, चर्चची वेळ आणि जेवणाचे ठिकाण. खाली निळ्या शाईत सेन्सॉरचा शिक्का! गोव्यात तेव्हा लग्नपत्रिकासुद्धा सरकारने वाचल्याशिवाय छापता येत नसे, हे मी वाचले होते. पण तो कागद हातात धरल्यावर अंगावर काटा आला.

मी तीस वर्षे इतिहास शिकवला. हुकूमशाही म्हटले की मुसोलिनी आणि हिटलर. कारणे, परिणाम, टिपा लिहा. गोवा यायचा तो वेगळ्या धड्यात, 'वसाहतींचे विलीनीकरण' म्हणून. आपल्या दाराशी, सावंतवाडीच्या पलीकडे, एक अस्सल हुकूमशाही 1961 पर्यंत नांदत होती, हे वर्गात मी कधी सांगितलेच नाही.

सालाझार हा काही आरडाओरडा करणारा नेता नव्हता. कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. 1926 साली लष्कराने पोर्तुगालचे प्रजासत्ताक मोडले. दोन वर्षांनी हिशेब सुधारायला म्हणून याला अर्थमंत्री केले आणि 1932 साली तो पंतप्रधान झाला. त्याने सगळे कायद्यानेच केले, हे मला विशेष वाटते. 1930 साली वसाहतींचा कायदा आणला. परक्या प्रदेशांवर ताबा ठेवणे आणि तिथल्या लोकांना 'सुसंस्कृत' करणे हा पोर्तुगीज राष्ट्राचा स्वभावच आहे, असे त्यात लिहिले होते. आणि गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क दिले होते ते पोर्तुगालच्याच 1910 च्या प्रजासत्ताकाने! गोव्याच्या विधानमंडळात लुईस द मिनेझिस ब्रागांझांनी 4 जुलै 1930 रोजी या कायद्याविरुद्ध ठराव मांडून स्वयंनिर्णयाचा हक्क सांगितला. लिस्बनला त्याचे सोयरसुतक नव्हते. 1933 च्या घटनेत निवडणुका होत्या, संसद होती. फक्त दुसऱ्या पक्षाला जागा नव्हती. 'नॅशनल युनियन' ही सरकारची एकच संघटना, आणि जोडीला गुप्त पोलिस व सेन्सॉर.

इंग्रज 1947 साली गेले आणि पोर्तुगीज का गेले नाहीत, असे मुले विचारायची. मी सांगायची, ते हट्टी होते. आज वाटते, ते उत्तर अर्धेच होते. 1945 साली इंग्लंडच्या मतदारांनी चर्चिलला घरी बसवले. लिस्बनमध्ये सालाझारला घरी बसवणारे कोणी उरले नव्हते. त्याने गोवाच काय, एकही वसाहत डोळ्यांनी पाहिली नव्हती, तरी शब्द त्याचाच शेवटचा.

वसाहती ठेवल्याबद्दल जग नावे ठेवू लागले तेव्हा 1951 साली त्याने 'वसाहत' हा शब्दच काढला आणि 'सागरापारचा प्रांत' म्हटले. झाले! गोवा म्हणजे पोर्तुगाल; मग स्वातंत्र्य मागणारा देशद्रोहीच की. 1954 च्या फेब्रुवारीत म्हापशाच्या एका मेजवानीत कोणी असेच 'हा पोर्तुगाल आहे' म्हणाले. डॉ. पुंडलीक गायतोंडे "मी निषेध करतो" एवढेच बोलले. त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेले.

15 ऑगस्ट 1955 च्या सत्याग्रहाच्या वेळी मी पाच वर्षांची. आमच्या ओटीवर देशावरची अनोळखी माणसे पिठले-भात जेवली, एवढे आई सांगे. हद्द ओलांडल्यावर त्या निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. वीसहून अधिक गेले.

त्याच वर्षी पकडले गेलेले मोहन रानडे सांगलीचे, गोव्यात मराठीचे मास्तर म्हणून गेलेले. (मास्तर म्हणून त्यांच्याबद्दल मला जरा जास्तच आपुलकी.) 26 वर्षांची शिक्षा आणि पोर्तुगालचा तुरुंग. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, पण मास्तर आतच. कारण सालाझारच्या लेखी गोवा गेलेलाच नव्हता! 1968 साली तो खुर्चीवरून पडला, मेंदूत रक्तस्राव झाला, पद गेले. मरेपर्यंत, म्हणजे 1970 पर्यंत, आपणच पंतप्रधान आहोत असे त्याला वाटत होते आणि भोवतालचे लोक तसे वाटू देत होते. रानडे जानेवारी 1969 मध्ये सुटले. मी तेव्हा कॉलेजात होते. ती बातमी वाचल्याचे आठवते. पोर्तुगालने गोव्याचे विलीनीकरण मान्य केले ते 1974 च्या क्रांतीनंतर.

आपल्याकडे 1975 साली 21 महिन्यांसाठी या साऱ्याची चुणूक मिळाली. मी नुकतीच नोकरीला लागले होते. एका सकाळी शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी दिसेनात. शिपायाने हळूच कानात सांगितले. त्यांचे तास आम्हा तिघींत वाटून दिले गेले आणि मी माझ्या वाट्याचे निमूट घेतले. ते कुठे गेले, हे मोठ्याने विचारले नाही.

असो. मसुदा परत द्यायला खाली गेले तेव्हा चष्मा लावून पुन्हा पाहिला. एक नाव पेन्सिलीने खोडलेले होते. मी म्हटले, बघा, सेन्सॉरने खोडले! आंटी हसल्या. ते नाव त्यांच्या मामाचे. 1946 साली लोहियांच्या सभेनंतर धरपकड झाली तेव्हा ते मुंबईला निघून आले होते. सेन्सॉरकडे कागद जाण्याआधीच आजोबांनी स्वतःच्या हाताने मुलाचे नाव काढून टाकले होते.

हेच मामा पुढे वांद्र्यात राहिले. आंटींचे लग्न त्यांनीच जमवले, आणि त्या पत्रिकेत त्यांचे नाव सर्वांत वर होते म्हणे.