कोर्लईच्या तटाखाली

रेवदंड्याचा पूल ओलांडून पलीकडे गेले की समुद्रात शिरलेली डोंगराची एक सोंड दिसते. कोर्लईचा किल्ला तिच्यावर आहे. दमणपासून चौलपर्यंतच्या पोर्तुगीज 'उत्तर प्रांता'ची ही दक्षिण सीमा. गेल्या हिवाळ्यात इतिहासाच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे गेलो होतो.

पाठ्यपुस्तकातला इतिहास चढता चढताच सांगून झाला. चौलच्या पोर्तुगिजांना शह देण्यासाठी निजामशहाने येथे तटबंदी उभारली. सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी ती घेतली. १७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० च्या तहाने कोर्लई मराठ्यांकडे आली. मुलांनी सने टिपून घेतली. तटावर एक मुलगी, माझ्यासारखीच घरात पहिल्यांदा शिकणारी, म्हणाली, "सर, एवढे दगड वर कुणी आणले?"

माझा बाप रस्त्यावर खडी फोडायचा. हा प्रश्न मला सुचायला हवा होता. पण पदवी घेताना मी राजांची सने पाठ केली, आणि दगड पाहिला की पहिल्यांदा त्याच्यावरचा शिलालेख शोधण्याची सवय मला लागली.

उत्तराचा एक धागा खाली गावात आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत 'नोऊ लिंग', म्हणजे 'आपली भाषा', बोलली जाते. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, वाक्याची ठेवण मराठीच्या वळणाची. बोलणारे जेमतेम हजारभर. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ मध्ये ग्रंथ लिहिला. चौलच्या पोर्तुगिजांकडे राबणारे आणि ख्रिस्ती झालेले, खालच्या मानलेल्या जातींतील लोक हे या वस्तीचे पूर्वज असावेत, असे अभ्यासक मानतात. १७४० मध्ये सत्ताधारी निघून गेले. हे मागे राहिले. किल्ल्यावरचे निशाण बदलले. यांच्या डोक्यावरची पाटी उतरली की नाही, याची नोंद मला कुठल्याही तहात दिसली नाही.

एक कबुली देतो. आमच्या घरी १९५६ मध्ये धम्म आला तो आजोबांच्या स्वतःच्या निर्णयाने. त्या अभिमानात मी या लोकांच्या धर्मांतराकडे जरा वरूनच पाहत होतो: मालकाचा धर्म घेतला, झाले. पण गावकुसाबाहेरच्या माणसाला सोळाव्या शतकात निवडीला किती जागा होती? आणि मालक गेल्यावरही पावणेतीनशे वर्षे त्यांनी ती प्रार्थना आणि ती बोली टिकवली, हे कुणाच्या हुकमाने?

परतताना त्या मुलीने एका म्हाताऱ्या बाईंना विचारले, "आजी, तुमच्या भाषेचं नाव वहीत कसं लिहू?" बाई हसल्या. "आमची बोलायची भाषा, बाय. नातवंडं शाळेत मराठी लिहितात." मग मीच ऐकले तसे देवनागरीत लिहून वाचून दाखवले. बाईंनी माझा उच्चार दोनदा दुरुस्त केला.